आक्काचं दुसरं पाणी

आक्का गेल्याची बातमी मला पुण्याहून कळली. म्हणजे बघा, लातुरात तिच्या आणि माझ्या घरात अंतर अडीच गल्ल्यांचं. मी गच्चीवर पापड वाळत घालायला गेले की तिच्या परसातल्या बेलाचा शेंडा दिसतो. आणि ती गेल्याचा पहिला फोन गेला तो पुण्याला, माझ्या मुलीला, नीताला. तिनं तिथून मला फोन केला. "आई, आक्का गेली गं..." एवढंच बोलली आणि रडायला लागली. त्यावर मी काय विचारावं? कधी गेली, कशानं गेली, हे नाही विचारलं. मी विचारलं, "तुला कुणी सांगितलं?" "शिवानं," ती म्हणाली. शिवा म्हणजे आक्काचा मुलगा. "सगळ्यात आधी तुलाच करतोय म्हणाला." या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. मी सत्तरी ओलांडलेली बाई, निवृत्त शिक्षिका, चारचौघांत शहाणी म्हणून ओळखली जाते. पण आक्का गेली हे कळल्यावर दुःखाच्या आधी माझ्या पोटात जे उठलं ते दुखणं जुनं आणि ओळखीचं होतं, आणि ते मी लपवून हा लेख लिहिला तर तो खोटा होईल.

मला तिचा हेवा वाटायचा. हेवा हा शब्दसुद्धा फार सभ्य झाला. मी जळायचे तिच्यावर. तिचं नाव गंगाबाई, मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, एका अडतीवरच्या मुनीमजींची बायको, माहेर उदगीरकडचं, शाळा चौथीपर्यंत. मी नांदेडची, बी. एस्सी. बी. एड., मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवणारी. मग जळण्यासारखं तिच्याकडे होतं तरी काय? सांगते.

लातूर जिल्हा नवा नवा झाला होता आणि आमच्या ह्यांची नव्या कलेक्टर कचेरीत बदली झाली. नांदेडहून आम्ही दोन ट्रंका, एक कपाट आणि सहा वर्षांची नीता घेऊन इथे आलो. गावात घर मिळेना. साहेब लोक येत होते, बाबू लोक येत होते, ज्याच्या त्याच्या दारावर 'खोली शिल्लक नाही' अशी पाटी. शेवटी मोंढ्यामागच्या गल्लीत एकाच घरमालकाच्या दोन बिऱ्हाडांपैकी एक आम्हाला मिळालं. दोन खोल्या, शहाबादी फरशी, मागे परस. भिंतीपलीकडे दुसरं बिऱ्हाड आक्काचं. परस मात्र दोघींत एकच, त्यात ते बेलाचं झाड. आणि त्याच सुमारास लागोपाठ पावसानं दगा दिला. नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही. टँकर आला की गल्लीतल्या बायका पदर खोचून धावायच्या. मी गोदावरीकाठी वाढलेली. आमच्याकडे घर पुसायचं म्हणजे बादलीभर पाणी ओतायचं, वर फिनाइल ओतायचं आणि खराट्यानं सगळं दारातून बाहेर लोटायचं. सकाळी घरात तो वास दरवळला की मला वाटायचं, आता कुठे दिवस स्वच्छ सुरू झाला. इथे बादलीभर कुठलं, तांब्याभर पाणी मिळायची मारामार. मग मी काय केलं, पाणी कमी पडतं म्हणून फिनाइल वाढवलं. विज्ञानाच्या बाईनं हे करावं! जंतू मरायला हवेत, मग पाण्यानं मेले काय नि फिनाइलनं मेले काय, असा माझा तेव्हाचा हिशेब. फडकं ओलं करायचं, त्यावर पांढरंफेक फिनाइल घ्यायचं आणि फरशी चकचकीत पुसायची.

मोंढ्याजवळची गल्ली, त्यामुळे मांजरं भरपूर. धान्याच्या कोठारांत उंदीर असतात, म्हणून अडतवाले मांजरांना हाकलत नाहीत. त्यातली एक करड्या रंगाची मांजर नीतानं हेरली. म्हणजे ती आमच्या घरी आली, आमच्या घरी दूध प्यायली, आमच्या पाटावर झोपली. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण पुढे सगळी गल्ली तिला आक्काची मांजर म्हणू लागली. आक्का तिला 'बेक्कु' म्हणायची. उदगीरकडे कानडी बरीच चालते, आणि कानडीत मांजराला बेक्कुच म्हणतात. नाव ठेवलं तेही हिनं आणि तेच रूढ झालं. मी तिच्यासाठी 'रजनी' असं छान नाव योजलं होतं, ते कुणाच्या तोंडीच बसलं नाही.

एका दुपारी मी शाळेतून आले तर घरात नीता नाही, मांजर नाही. परसात पाहिलं तर आक्का बेलाखाली बसलेली, मांडीवर बेक्कु. मांजरीच्या तोंडातून लाळेची तार लागलेली, अंग थरथरत होतं. आक्का तिचा एकेक पाय तांब्यातल्या पाण्यात बुडवून चोळत होती. बोटांच्या बेचक्या, पंजाखालची गादी, सगळं हळूहळू. एक पाणी टाकायची, दुसरं घ्यायची. शेजारी नीता उकिडवी बसून बघत होती. मी जवळ गेले आणि मला त्या लाळेतूनसुद्धा वास आला... माझ्या घरातल्या सकाळचा वास. क्षणात सगळं कळलं. मांजर फरशीवर चालतं, मग बसून पाय चाटतं. फरशीवर जे असेल ते त्याच्या पोटात. मी पोरींना प्राण्यांच्या सवयी शिकवायचे, आणि एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती.

आक्कानं वर पाहिलं. तिलाही वास आला होताच. मी मनातल्या मनात तयारी केली, आता ही बोलणार, माझ्या मुलीसमोर बोलणार. तर ती म्हणाली, "पाल खाल्ली वाटतं हिनं, बाई. पाल वकली की बरी हुईल." मी "हो का," म्हणाले आणि घरात गेले. जनावरांच्या डॉक्टरकडे ह्यांनी नेऊन आणलं, तो बैलांचा डॉक्टर, त्यानं मांजर पाहून कपाळाला हात लावला आणि आक्कानं जे केलं तेच करत राहा म्हणाला. दोन दिवसांत बेक्कु सावरली. पण सावरली ती आक्काच्या घरात. माझ्या उंबऱ्यापर्यंत यायची, नाक पुढे करायची, हुंगायची आणि शेपटी उभारून परत फिरायची. आणि मांजर तिकडे म्हटल्यावर नीताही तिकडे. शाळेतून आली की दप्तर आमच्या घरात पडायचं आणि पोर भिंतीपलीकडे. जेवायला हाका मारून घसा बसायचा. 'आक्का म्हणते', 'आक्काकडे असं करतात', 'आक्काची भाजी'... तळपायाची आग मस्तकात जायची माझ्या. आणि बोलायची सोय नव्हती, कारण त्या पालीच्या थापेनं आक्कानं मला मिंधी करून ठेवलं होतं. तिनं मला तोंडावर चार शब्द सुनावले असते तर मी तिला कधीच माफ करून टाकलं असतं.

चौथ्या दिवशी ती एक मडकं घेऊन दारात आली. "रिठ्याचं पाणी हाय. करून बघा, बाई. आमच्याकडं ह्येच असतंय." मी मडकं घेतलं, गोड हसले आणि ते दोन दिवस तसंच झाकून ठेवलं. तिचं वापरायचं नव्हतं मला. मला ते स्वतः करायचं होतं, तिच्यापेक्षा चांगलं करायचं होतं, आणि त्या मांजरीनं माझ्या घरात येऊन माझ्या फरशीवर लोळायला हवं होतं. मांजर आली की नीता येईल, एवढं साधं गणित होतं ते. तेव्हापासून मी हेरगिरी सुरू केली. आक्का काय करते ते परसातून दिसायचंच. घर झाडून झालं की रिठे फोडून रात्रभर भिजवलेलं पाणी ती उकळायची, गाळायची, त्यातलं थोडंसं पुसायच्या पाण्यात. चिमूटभर मीठ. रॉकेल नाही, डांबराच्या गोळ्या नाहीत. कपड्यांच्या ट्रंकेत वाळलेला कडुलिंबाचा पाला. मुंग्यांच्या वाटेवर हळदीची रेघ. बेक्कुच्या पिलांनी कोपऱ्यात घाण केली की त्यावर खायचा सोडा पसरून ठेवायचा, सुकला की झाडून घ्यायचा. तांब्या-पितळेला ताक नाहीतर चिंच. सुगंधाचं म्हणून कुठलंच तेल नाही. मी एकदा सहज सुचवलं, निलगिरीचे चार थेंब टाकत जा. तर म्हणाली, "नगं. आपल्याला वास बरा वाटतोय, तिला सोसत न्हाई. तिचं नाक आपल्यापरीस लई तिखट."

माझा पहिला प्रयोग व्हिनेगरचा. साहेबांच्या बायका पुण्या-मुंबईहून आलेल्या, त्यांच्याकडून कळलं की तिकडे व्हिनेगरनं काचा पुसतात. मी व्हिनेगर आणलं, त्यात खायचा सोडा घातला. फसफसून फेस वर आला तशी नीता टाळ्या पिटायला लागली, आणि त्या क्षणी मला वाटलं, जिंकले! आम्ल आणि सोडा एकमेकांना मारून टाकतात आणि मागे खारट पाणी उरतं, हे मी आठवीच्या वर्गाला दरवर्षी सांगत होते. फेस निवला तसं नुसतंच व्हिनेगर फरशीवर ओतून घासलं. शहाबादी फरशी म्हणजे चुनखडीचा दगड. त्यावर आम्ल पडल्यावर काय होणार? घरभर पांढुरके डाग पडले, चकाकी गेली ती गेली. घरमालक येऊन मुकाट्यानं बघून गेला. नीता टाळ्या संपवून केव्हाच पलीकडे पळाली होती.

मग मी हट्ट सोडला आणि आक्काच्याच पद्धतीनं, तिच्याच प्रमाणात रिठ्याचं पाणी केलं. तरी माझी फरशी चिकट राहायची, पायाला लागायची, आणि बेक्कु उंबऱ्यावरूनच परत फिरायची. आक्काच्या घरात मात्र तीच फरशी ताटासारखी. बेक्कु तिथे पोट वर करून झोपायची. माझी खात्री झाली की ही बाई काहीतरी लपवते. एक वस्तू अशी आहे जी ती मला सांगत नाही. गल्लीतल्या बायका, साहेबांच्या बायकासुद्धा, बाटल्या घेऊन तिच्या दारात येऊ लागल्या होत्या. मला कुणी विचारत नव्हतं. बी. एस्सी. मी, आणि रांग तिच्या दारात!

एका सोमवारी ती देवळात गेली होती. नीता तिच्या घरात मांजरीशी खेळत होती, दार उघडंच. मी साखर मागायच्या निमित्तानं आत शिरले आणि स्वयंपाकघराच्या कोनाड्यात मला एक झाकणाचा डबा दिसला. आत पिठासारखी मऊ, पांढरीशुभ्र राख. हीच ती! आमच्याकडे राख म्हणजे चुलीतली, काळसर, भांडी घासायची. अशी वस्त्रगाळ राख मी पाहिली नव्हती. आक्का लिंगायत, रोज कपाळाला विभूती लावायची, हे मला माहीत होतं. पण विभूती मी पाहिलेली ती गोळीच्या रूपात, तिच्या पूजेच्या पाटावर. डब्यातली भुकटी म्हणजे तीच, हे डोक्यातच आलं नाही. ईर्षेनं माणूस आंधळा होतो म्हणतात, मी तर पुरती वेडी झाले होते. पदरात दोन मुठी घेतल्या, घरी येऊन रिठ्याच्या पाण्यात कालवल्या आणि दोन्ही खोल्या पुसून काढल्या.

पाणी वाळलं तशी फरशी पांढरी पडायला लागली. मी खोलीच्या मधोमध उभी राहून बघत होते आणि तेवढ्यात, इतक्या दिवसांनी, बेक्कु आत आली. खरंच आली! चार पावलं चालली, थबकली, एक पाय उचलून झटकला आणि तशीच बाहेर निघून गेली. तिच्या पांढऱ्या पावलांच्या मागानं थोड्या वेळात आक्का माझ्या दारात. मागे नीता. आक्का उंबऱ्याबाहेर वाकली, फरशीवर बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं... आणि ते बोट तिनं आपल्या कपाळाला लावलं.

"बाई," ती म्हणाली, "हे पुसायचं न्हाई, लावायचं असतंय."

तिच्या लग्नात माहेरच्या मठातल्या स्वामींनी दिलेली विभूती होती ती. चिमूट चिमूट करून तिनं इतकी वर्षं पुरवली होती. सणाला, शिवाच्या आजारपणात, सासऱ्यांच्या शेवटच्या वेळी. मी तिची माफी मागावी की थाप मारावी, मला सुचेना. तिनं वाट पाहिली नाही. "तुमी हालू नका," म्हणाली. "मी आत कशी येऊ? पाय कुठं ठिवू?" ती घरी गेली आणि आपली बादली घेऊन आली. नीतानं आधी मांजरीचे पाय धुतले आणि ते पाणी बेलाच्या बुंध्याशी ओतलं. मग आक्का उंबऱ्याबाहेर बसली आणि ओल्या फडक्यानं हातभर जागा पुसली, फडकं वेगळ्या पातेल्यात पिळलं, पुन्हा पुसली. जागा निर्मळ झाली की तेवढीच पुढे सरकायची. विभूतीवर तिचा पाय एकदाही पडला नाही. मी मात्र मधोमध विभूतीवर दोन्ही पाय रोवून उभी होते. पुसत पुसत ती माझ्यापर्यंत आली, माझा उजवा पाय घोट्याला धरून उचलला, तळवा पुसला, निर्मळ जागेवर ठेवला. मग डावा. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी बाई. सगळं पाणी तिनं बेलाखाली ओतलं, नमस्कार केला आणि कंबर धरत उभी राहिली.

हे सांगताना वाचकांना वाटेल, त्या क्षणी माझ्या मनातलं किल्मिष धुऊन निघालं असणार. नाही निघालं. मला वाटलं, आता तर ही माझ्यापेक्षा मोठीही झाली. माझ्या मुलीच्या डोळ्यांदेखत झाली. मी चिडून म्हणाले, "एवढं पाणी कशाला घालवलंत? टँकर परवा येणार." उत्तर दिलं ते नीतानं. "ते आक्काचं आंघोळीचं पाणी होतं. आक्का रोजच अर्धं ठेवते. रिठ्याचं पुसून झालं की साध्या पाण्यानं दुसऱ्यांदा पुसते, बेक्कुच्या पोटात काही जाऊ नये म्हणून. दुसरं पाणी म्हणतात त्याला. तुला माहीत नाही?"

मला नव्हतं माहीत. तिचं दोन्ही वेळचं पुसणं पहाटे, आम्ही उठायच्या आधी उरकलेलं असे. ज्या वस्तूसाठी मी तिचे कोनाडे धुंडाळले ती वस्तू म्हणजे साधं पाणी, आणि त्या दिवसांत गावात तेवढंच नव्हतं. मी माझ्या वाट्याचं आंघोळीचं पाणी मांजरीसाठी ठेवलं असतं का? खरं सांगायचं तर नाही. मी केसांवरून पाणी घेतल्याशिवाय शाळेत जात नसे. तेव्हा माझी हार अशी पक्की झाली की त्यानंतर मी स्पर्धाच सोडली. जळणं तेवढं सोडलं नाही.

पुढे पाऊस झाला, दिवस बदलले. आम्ही अडीच गल्ल्या पलीकडे स्वतःचं घर बांधलं, मोझॅइकच्या फरशीचं. आक्कानं ते जुनं घर घरमालकाकडून विकत घेतलं. नीता पुण्याला गेली, नोकरी लागली, लग्न झालं. ती लातूरला आली की पिशवी आमच्याकडे टाकायची आणि "जरा आक्काला भेटून येते" म्हणायची. जरा म्हणजे संध्याकाळ. पुण्याच्या तिच्या घरात दोन मांजरं आहेत आणि फरशी दोनदा पुसली जाते, दुसऱ्यांदा साध्या पाण्यानं. मी गेले की ते बघत सोफ्यावर बसते आणि पेपर तोंडासमोर धरते. मुनीमजी गेले, आमचे हे गेले, तशा आम्ही दोघी म्हाताऱ्या दर सोमवारी भेटू लागलो. ती मला अजून 'बाई'च म्हणायची. गेल्या संक्रांतीच्या सुमारास शेवटची भेट झाली. कुठल्या तरी बेक्कुची कुठली तरी नात तिच्या पायाशी होती. मी मुद्दाम तिला मांडीवर घेतलं. तिनं माझ्या बोटांचा वास घेतला आणि उतरून गेली. आक्का हसली. "वय झालं तरी तुमी तिच्यावर रुसता हो बाई," म्हणाली. मी म्हटलं, "रुसायला मी काय लहान आहे?" आणि घरी येईपर्यंत रुसून होते.

लिंगायतांत गेलेल्या माणसाला बसवून नेतात. मी पोचले तेव्हा आक्का बसलेली होती, गळ्यात फुलं, कपाळभर विभूती. नीता तोवर पुण्याहून निघाली होती. सगळं पार पडल्यावर तिसऱ्या दिवशी शिवाच्या बायकोनं फिनाइलची बाटली काढली. एवढी माणसं येऊन गेली, घर धुऊन घेऊ, म्हणाली. तिची काही चूक नव्हती. आणि मी, जिनं हे फिनाइल त्या परसात पहिल्यांदा आणलं, तीच ओरडले, "ठेव ते! घरात मांजर हाय." नांदेडची माझी बोली, पण तोंडातून आलं ते आक्काच्या सुरात. रिठे भिजवलेले नव्हते, ते नीतानं डब्यातून काढून सरळ उकळले. मग आम्ही दोघी मायलेकी आक्काच्या स्वयंपाकघरात बसलो. ती रिठ्याच्या पाण्यानं पुसत होती आणि मी मागून दुसरं पाणी फिरवत होते. गुडघे बोलत होते माझे.

त्या कामात असताना मी तिला सांगून टाकलं. इतकी वर्षं ते अंगाला टोचत होतं. म्हटलं, "नीता, तेव्हा बेक्कुनं पाल खाल्ली नव्हती. मी फिनाइल वापरलं होतं, भरमसाट. त्यानं झालं ते. आक्काला ठाऊक होतं. तुझ्यासमोर माझी शोभा होऊ नये म्हणून तिनं थाप मारली." मला वाटलं, ती थांबेल, माझ्याकडे बघेल, कदाचित रागावेल.

ती पुसतच राहिली. म्हणाली, "मला माहीत आहे, आई. मीच नेली होती ना तिला आक्काकडे. पायांना वास येत होता. आक्का म्हणाली, आईला सांगायला हवं, तिला माहीत नसंल बिचारीला. मी म्हटलं, नको सांगू. पाल खाल्ली म्हण."

"तू म्हणालीस?"

"हो. तू तेव्हा रोज न्हाणीत रडायचीस ना, नांदेडची आठवण काढून. दार लावून. मी बाहेर उभी असायचे." ती फडकं पिळायला थांबली. "मी आक्काला म्हटलं, आईला काही बोलू नको, माझी आई फार रडते. मग तिनं शपथ घेतली. कध्धीच नाही सांगितलं बघ तिनं."

सहा वर्षांची पोर परसात आजारी मांजरीपेक्षा माझीच जास्त काळजी करत होती, आणि मी इतकी वर्षं ती मला दुरावली म्हणत तिला भिंतीपलीकडच्यांत मोजत होते. डोळे भरून आले माझे, नाही असं नाही. पण जे आहे ते लिहायचं ठरवलं आहे, तर हेही लिहिते. त्या पाणावल्या डोळ्यांमागे पुन्हा तेच जुनं दुखणं उठलं. 'माझी आई फार रडते'... माझ्या लेकीच्या तोंडचं माझ्याबद्दलचं ते वाक्य आक्कानं त्या दुपारी ऐकलं, आणि मला ते ऐकायला ती जाईपर्यंत थांबावं लागलं.